मुख्य प्रशिक्षकांची यादी

कॉलेजच्या फुटबॉल संघाला चंद्रहासनं सलग तीन वर्षं करंडक मिळवून दिला. पण त्याच्याच हाताखालच्या शैलेशनं प्राचार्यांचे कान भरले आणि मुख्य प्रशिक्षकाची जागा बळकावली. चंद्रहास राई गावातल्या, नावाच्या पाट्या कोरणाऱ्या एका दुकानात कामाला लागला.

कॉलेजच्या आजवरच्या मुख्य प्रशिक्षकांचा फलक करायचं काम नेमकं त्याच दुकानात आलं. यादीत शेवटचं नाव होतं शैलेशचं, पुढं '२०२३ पासून'. चंद्रहासनं दातओठ खात तिथं '२०२३ ते २०२५' असं कोरून टाकलं. ही नोकरी गेली तरी बेहत्तर!

फलक न्यायला प्राचार्य स्वतः आले. शेवटची ओळ वाचून त्यांनी घाईघाईनं दुकानाचं दार आतून लोटून घेतलं.

"चंद्रहास, तुम्हाला कुणी सांगितलं? अजून शैलेशलासुद्धा कळवलं नाहीये!"