अथूसाची बेटफेरी

"हॉटेल नाही म्हणजे नाही," अथूसा म्हणाली आणि तिनं क्रीटचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. एका कोपऱ्यावर कॉफीचा कप ठेवला, दुसऱ्यावर चीजचा गोळा.

"मग झोपायचं कुठं, आत्या? बोकडांत?" गारिफालियानं विचारलं. ती अथूसाच्या भावाची मुलगी. चीज पोचवायची जुनी गाडी तिचीच, म्हणून चालवणारीही तीच.

"रेथिम्नोला तुझ्या मावसबहिणीकडे. तिच्या लग्नातलं चीज मी दिलंय, नाही म्हणायची तिची छाती नाही. पुढं मठात. तिथल्या नन पैसे मागत नाहीत, फक्त पहाटे उठवतात. मग समुद्राकाठी, गाडीतच."

"त्या चीजच्या वासात?"

"नाक धरून झोप."

अथूसाचं बोट उत्तर किनाऱ्यानं सरकत सरकत बेटाच्या पूर्व टोकाला गेलं आणि थांबलं. "इथं मात्र रविवारी सकाळी पोचायचं."

"रविवारीच का?"

"रविवारी चर्च उघडं असतं."

गारिफालियाचं हसू मावळलं. त्या टोकाला कोण राहतं, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं?

मानूसोस हा अथूसाचा एकुलता एक मुलगा. कुरणाच्या हद्दीवरून भांडण झालं आणि वार्दीसनं त्याला गोळी घातली. रीतीप्रमाणे वार्दीसच्या घरच्यांनी त्याच संध्याकाळी घराला कुलूप लावलं आणि ते बेटाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले, पुन्हा समोरासमोर गाठ पडू नये म्हणून. शिक्षा भोगून वार्दीसही तिकडेच गेला. तेव्हापासून अथूसाच्या डोक्यावरचा काळा रुमाल उतरला नाही, की ती डोंगर उतरली नाही.

हिवाळ्यात शेजारच्या गावचे पाद्री मध्यस्थीला आले होते. "वार्दीसला नातू झालाय, अथूसा. तुमच्या घरातल्या कुणी धर्मपिता नाहीतर धर्ममाता होऊन त्याचा बाप्तिस्मा केला, की दोन्ही घरं सोयरी होतात, वैर मिटतं. आपली रीतच आहे ही. तो माणूस खचलाय गं. मानूसोसचं नाव कुणी काढलं तरी उठून खोलीबाहेर जातो."

अथूसानं त्यांच्यापुढचा भरलेला कप उचलला आणि मोरीत ओतला.

गारिफालियाला हे सगळं आठवलं. तिची नजर चुलीवरच्या भिंतीकडे गेली. खिळा रिकामा होता.

"आतोबांचं पिस्तूल कुठंय?"

"विकलं. गाडीत पेट्रोल काय तुझा बाप भरणार?"

गारिफालियाचा विश्वास बसला नाही. वाटेसाठी भरलेल्या टोपलीत जवाच्या पावाचे कडक तुकडे होते, ऑलिव्ह होते, आणि तळाशी काळ्या फडक्यात बांधलेलं काहीतरी जड.

"त्याला हात लावू नकोस," अथूसा हळूच म्हणाली.

तरीही गारिफालिया निघाली. आपण नाही म्हटलं तर आत्या बसनं जाईल. आपण बरोबर असलो तर निदान वेळेला तिचा हात तरी धरता येईल.

वाटेत ती मुद्दाम बडबडत राहिली. मठातल्या पाणचट आमटीची तिनं टिंगल केली, मावसबहिणीच्या नवऱ्याची नक्कल केली. अथूसा काचेतून समुद्राकडे बघत गुणगुणत होती:

बर्फ डोंगराचं विरे, वाट सागराची धरी,
खडा काळजातला माझ्या तसाच गं माझ्या उरी.

"आत्या, आई माझं नाव मारिया ठेवणार होती, ठाऊक आहे?" गारिफालियानं विषय काढला. "आणि धर्मपित्यानं बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी स्वतःच्या आजीचं नाव ठोकून दिलं! आई किती रडली. पण तो हक्क त्याचाच. पाद्र्यानं एकदा उच्चारलं की संपलं."

"चांगलं आहे की नाव," अथूसा म्हणाली, आणि किती वर्षांनी जरा हसली.

रविवारी त्या टोकाच्या पांढऱ्या चर्चच्या अंगणात वार्दीसच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला आलेल्या गाड्यांची दाटी होती. दारात वार्दीस उभा होता. पांढरेफटक केस, नवा कोट. काळा रुमाल ओळखू आला तशी अंगणातली बोलणी बंद पडली. कुणीतरी पोरांना मागं ओढलं.

अथूसाचा हात टोपलीत गेला. गारिफालियानं तिचं मनगट धरलं.

"नको आत्या. आत बाळ आहे."

"त्याच्यासाठीच आलेय."

तिनं मनगट सोडवून घेतलं आणि फडकं उलगडलं. आत तेलाची बाटली होती, इवलेसे पांढरे कपडे होते आणि सोन्याचा क्रूस.

"पिस्तुलाला भाव बरा आला," ती म्हणाली. "तेल मानूसोसनं लावलेल्या झाडांचं आहे."

ते नाव ऐकून वार्दीसनं डोळे घट्ट मिटून घेतले, पण या वेळी तो निघून गेला नाही. गुडघे टेकून त्यानं तिच्या हातावर कपाळ ठेवलं. बायका हुंदके देऊ लागल्या. ठरलेला धर्मपिता आपण होऊन बाजूला झाला आणि वार्दीसच्या सुनेनं बाळ अथूसाच्या हातात दिलं.

गारिफालिया खांबाला टेकून रडली. काय काय मनात आणलं आपण आत्याबद्दल!

नाव आजोबांचंच ठेवायचं, हे ठरलेलं होतं. वाटायच्या बदामांच्या पुड्यांवर निळ्या अक्षरांत 'वार्दीस' असं छापूनही झालं होतं.

अथूसानं बाळाला तेल लावलं. पाठीला, पोटऱ्यांना, टाचांना, नाजूक बोटांच्या बेचक्यांत. घाई न करता, एके काळी आपल्या लेकाला लावायची तसं. वार्दीस अगदी जवळ उभा होता. डोळे पुसत होता, हसत होता. आता मरेपर्यंत हे पोर त्याच्याच मांडीवर खेळणार होतं.

"नाव?" पाद्र्यानं विचारलं.

अथूसानं बाळावरून नजर उचलली आणि पहिल्यांदाच वार्दीसकडे सरळ पाहिलं.

"मानूसोस," ती म्हणाली.