फुंकणं बंद

"कधीपासून फुंकताय, बाई?" डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरत विचारलं.

मालूताई थक्क झाली. नुसता फोटो बघून माणसाला एवढं कळतं? लगीन झालं तवापासून, तीस वरसं झाली असतील, असं तिने सांगून टाकलं. रोज किती, असं विचारल्यावर सकाळ-संध्याकाळ, आणि रविवारी हॉटेलात गर्दी असली की दिवसभर, हेही सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि नवऱ्याला माहीत आहे का, असं विचारलं. त्यांच्याचसाठी तर फुंकायला लागले, मालूताई म्हणाली. तेव्हा मात्र डॉक्टर चिडले. औषधांखाली ठसठशीत अक्षरांत 'फुंकणं बंद' असं लिहिलं आणि बजावलं, ऐकलं नाहीत तर वर्षभरात जिना चढता येणार नाही.

ती चिठ्ठी घेऊन मालूताई पनवेलहून तडक विचुंब्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलात आली. हॉटेल कसलं, पत्र्याची शेड. पण दारात हा एवढा मोठा फलक: चुलीवरची भाकरी. त्या फलकाखालच्या चुलीपुढे बसून ती अकरा वर्षं तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, आणि मुंबईची माणसं तिचे फोटो काढत होती. मालक हरेशशेठने गल्ल्यावर बसून चिठ्ठी वाचली आणि त्याचा चेहराच पडला. इतकी देवभोळी बाई, आणि विडी ओढते? "मी आयुष्यात कधी फुंकलं नाही, मालूताई," तो छाती फुगवून म्हणाला, गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं.

आत्ता कुठे मालूताईच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने चुलीजवळची लोखंडी फुंकणी उचलून दाखवली. ही फुंकते शेठ, ही. सगळं हॉटेल हसलं. मालूताईही हसली. हसता हसता खोकला लागला, आणि तो असा लागला की खांबाला धरून तिला खाली बसावं लागलं. मग कोणी हसलं नाही.

घरची चूल तिने केव्हाच मोडली होती. बचत गटातल्या सुमतीने पंख्याची शेगडी मिळवून दिली होती. मूठभर काटक्या टाकायच्या, बारका पंखा फिरतो, जाळ कसा निळसर आणि धूर जवळजवळ नाहीच. नातीचा, सईचा, खोकला त्या शेगडीने घालवला. दिवाळीला भिंतीला लावलेला चुना अजून पांढरा होता. लाकूड कमी जळलं की वरचं आभाळही कमी तापतं, असं सुमती सांगायची. मालूताईला आभाळाचं ठाऊक नव्हतं, पण हॉटेलच्या चुलीत आठवड्याला टेंपोभर लाकूड जातं आणि मागची टेकडी बोडकी झालीय, हे ती रोज बघत होती. इथेही तीच शेगडी ठेवू, ती म्हणाली. विडीचा धूर काय नि लाकडाचा काय, छातीला थोडाच फरक कळतो?

हरेशशेठ काही वाईट माणूस नव्हता, पण धंद्याला पक्का. लोक दोन तास गाडी हाकून येतात ते धुराच्या चवीसाठी. शेगडीवरची भाकरी ते घरीच खातील की. जमत नसेल तर तसं सांगा, गावात दोघी जणी कामाला तयार आहेत. मालूताईच्या नवऱ्याची रिक्षा कधी चालायची, कधी नुसतीच उभी असायची. काम गेलं तर खायचं काय? आणि मग तिला जो राग आला, तो आला. अकरा वर्षं धूर आपण खायचा आणि चव यांनी घ्यायची? हा कुठला न्याय?

तिने रोडपालीच्या अरुंधतीबाईंचं नाव घेतलं. निवृत्त शिक्षिका, दर रविवारी हजर. चुलीवरच्या भाकरीची थोरवी शेजारच्या टेबलाला समजावून सांगितल्याशिवाय त्यांना घास जायचा नाही. मालूताई म्हणाली, दोन भाकऱ्या त्यांच्यापुढे ठेवा. त्यांनी चुलीवरची ओळखली तर मी आपणहून जाते. नाही ओळखली तर शेगडी ठेवायची. हरेशशेठ खुशीत हो म्हणाला.

रविवार आला. पीठ एक, हात एक, विस्तव दोन. दोन्ही ताटं हरेशशेठने स्वतः नेऊन ठेवली, म्हणजे नंतर वाद नको. अरुंधतीबाईंनी एका भाकरीचा तुकडा चावला आणि ताट बाजूला सारलं. ही शेगडीवरची, लगेच कळतं हो. दुसऱ्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकून त्यांनी डोळे मिटले. अहाहा, ही खरी चुलीवरची, धूर कसा मुरलाय बघा.

हरेशशेठने बाजूला सारलेल्या ताटाकडे बघितलं. चुलीवरची भाकरी त्यात होती.

मग तो मालूताईजवळ येऊन हळूच म्हणाला, ठीक आहे, मागे शेगडीवर करा भाकऱ्या. पण पुढची चूल धुमसत ठेवायला हवी. लोक आधी धूर बघतात, मग गाडी थांबवतात. ओलं लाकूड घाला आणि अधूनमधून नुसतं फुंका.

मालूताईने पदर खोचला आणि फुंकणी त्याच्याच हातात दिली.

"तुमी कधी फुंकलं नाय ना शेठ? मग बसा."

चार टेबलं बघत होती, दोन फोन वर झाले होते. हरेशशेठ पांढऱ्या शर्टासकट उकिडवा बसला. पहिल्या फुंकरीला राख उडाली. दुसरीला धूर उलटून तोंडावर आला. तिसरी काही त्याला जमली नाही. तो खोकत खोकत मागे सरला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, हात खांब शोधतोय.

मालूताईने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे धरला आणि शांतपणे विचारलं, "कधीपासून फुंकताय, शेठ?"