विलायती फ्रेम

"काका, जपून हं! लांब पल्ल्याची जुनी विलायती सायकल आहे. कंपनीचं नाव कुठे सापडत नाही, पण असं जोडकाम आपल्याकडे कुणाला जमणार?"

फ्रेम दुरुस्तीला घेऊन आलेल्या साहेबांचं हे बोलणं ऐकून माझं डोकंच सणकलं. चाळीस वर्षं याच दुकानात पितळ वितळवून नळ्या जोडतोय मी!

फ्रेम उलटी केली, पेडलच्या नळीखालचा रंग खरवडला. खाली छिन्नीनं कोरलेलं 'श्री' निघालं. माझंच! दसऱ्याला हत्यारं पुजल्यावर जी पहिली फ्रेम जोडायचो, तिच्यावर मी ते कोरायचो.

साहेबांनी वाकून पाहिलं. "अरेरे! कुणा अडाण्यानं नंतर कोरलंय हे. घासून टाका."

मी कानस त्यांच्या हातात कोंबली. "तुम्हीच घासा. तो अडाणी तुमच्यासमोर उभा आहे."