राजपुत्राची सावली

बहिणीने रचलेली, चितारलेली चित्रकथा दादाने परस्पर मोठ्या प्रकाशकाला विकली. मुखपृष्ठावर नाव एकट्याचं. वर तिलाच म्हणाला, "हा एवढा अंक काढून दे. पुढचे माझी माणसं काढतील."

तिने काढून दिला. दादाने कधी नव्हे ती पानं चाळली.

"अगं, राजपुत्राची सावली राहिली."

"भर दुपार आहे, दादा."

"बरं बाई, तुलाच त्यातलं कळतं."

प्रकाशकाच्या शेजारी बसून दादा अंकांवर सह्या देत होता. रांगेतल्या पहिल्याच आजी म्हणाल्या, "मारलात ना शेवटी राजपुत्राला?"

"छे हो, कोण म्हणतं?"

"त्या राज्यात सावली फक्त मेलेल्यांना नसते, हे आमच्या शेंबड्या नातवालाही ठाऊक आहे. गोष्ट तुम्हीच लिहिता ना?"