घरट्यावरचा कॅमेरा

स्कॉटलंडमधल्या एका घरट्यावर कॅमेरा लावलेला होता. तिथून हजारो मैलांवर आपल्या फ्लॅटमध्ये बसून मंदाकिनी ते घरटं रोज कॉम्प्युटरवर बघायची. एप्रिलमध्ये ऑस्प्रे या मासे खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांची जोडी हिवाळा संपवून परतली.

"आले की गं तुझे पक्षी!" निशिकांत म्हणाला.

तिनं कॉम्प्युटर बंद केला.

"अगं, आता तर खरी मजा!"

"पक्षी आले की माणसं तिथं फिरकत नाहीत. मार्चमध्ये कॅमेऱ्याची काच पुसायला तिथं कामाला असलेली आपली ऋचा शिडीवर चढते. वर्षातून तेवढीच दिसते मला."

लेकीनं मनाविरुद्ध लग्न केल्यापासून, तिचं नाव घरात काढायचं नाही, असं निशिकांतनंच बजावलं होतं.

तो खिडकीपाशी गेला.

"यंदा केस कापलेत तिनं," तो म्हणाला.