चुलीवरचा डबा

"तो डबा खाली उतरेपर्यंत चूल पेटणार नाही," मी सासऱ्यांना सांगितलं आणि काडेपेटी कमरेला खोचली.

"अगं, भातात डुकरं घुसतायत. बंदुकीची दारू पावसात सादळली तर बार उडेल का? चुलीवरच्या फळीवर आंबोशी कोरडी राहते, बियाणं राहतं, तशी तीही राहते."

"आंबोशीवर ठिणगी पडली तर घर उडत नाही, आबा. ओटीवरच्या लाकडी पेटीत ठेवा आणि कुलूप घाला."

"मला बंदूक शिकवतेस? तुझ्या सासूने जन्मभर त्याच डब्याखाली भाकऱ्या भाजल्या. कधी तोंडातून शब्द काढला नाही."

मी जागची हलले नाही. दुपार झाली तरी चूल थंडच होती. शेवटी आबा सासूबाईंवर खेकसले, "हिचं राहू दे. तू पेटव."

सासूबाई उठल्या. त्यांनी माझ्यापुढे हात केला. त्यांना नाही कसं म्हणणार? मी काडेपेटी दिली. त्यांनी ती सरळ पाण्याच्या बादलीत टाकली.

"भाजल्या," त्या आबांकडे बघून म्हणाल्या, "पण रोज वर त्या डब्याकडे बघत भाजल्या. आता उतरवा तो."