निळी बटणं

समुद्रापलीकडच्या देशात त्सुनामी आली, तेव्हा ब्रह्मपुरीतल्या एका मंडळानं घरोघरी फिरून कपडे गोळा केले. टीव्हीवरची वाहून जाणारी घरं बघून नीलिमा रडली होती. तिनं नवऱ्याचे चांगले धडधाकट शर्ट काढून दिले. देण्याआधी सवयीनं त्यांची बटणं तेवढी कापून डब्यात टाकली. तिची आईही असंच करायची.

पण तिकडं जुने कपडे नकोच होते. गठ्ठे मंडळाच्या खोलीत पडून राहिले. पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला, तेव्हा तेच गठ्ठे नदीकाठच्या गावांत वाटले गेले.

पूर ओसरल्यावर नेहमीची मासोळीवाली गोकुळा दारात आली. टोपली घेऊन मागं तिचा नवरा सोमाजी उभा होता. त्याच्या अंगात ओळखीचा निळा शर्ट होता, छातीवर बाभळीच्या काट्यांनी अडकवलेला.

"बाई, एखाददोन बटन असन त द्या जी," गोकुळा म्हणाली. "पुरात सारं गेलं. ह्यायले शर्ट भेटला, पन देनाऱ्यानं बटनंच तोडून घेतली. असं काऊन करत असन कोनी?"

"काय माहीत," म्हणत नीलिमा आत गेली. तिनं डबा उघडला. त्या शर्टाची निळी बटणं वरच होती.



तिनं ती तळाशी ढकलली आणि पांढरी, काळी, तपकिरी अशी मूठभर बटणं नेऊन गोकुळाच्या हातावर ठेवली.